कॉल सेंटरमध्ये एआय आलं, आता फोनपलीकडच्या माणसाचं काय होणार?

मराठीसाठी ३ दाबा. शिल्लक जाणून घेण्यासाठी १ दाबा. कार्ड हरवलं असेल तर २ दाबा. प्रतिनिधीशी बोलण्यासाठी ९ दाबा. मग बराच वेळ वाजत राहणारं संगीत आणि शेवटी एकदाचा माणसाचा आवाज: "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

हा अनुभव न घेतलेला मोबाइलधारक सापडणं अवघड आहे. पण गेल्या काही वर्षांत या फोनच्या पलीकडे मोठी उलथापालथ सुरू आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये क्लार्ना या स्वीडिश वित्त कंपनीनं जाहीर केलं की, तिचा एआय सहायक ७०० पूर्णवेळ कर्मचाऱ्यांएवढं काम करतोय. दोनच महिन्यांनी टीसीएसचे सीईओ के. कृतिवासन यांनी 'फायनान्शियल टाइम्स'ला सांगितलं की, येत्या काळात कॉल सेंटरची गरज अगदी कमी उरेल आणि हे वर्षभरातही दिसू लागेल. मग मे २०२५ मध्ये क्लार्नाच्याच सीईओंनी सांगितलं की, ग्राहकांशी बोलायला कंपनी पुन्हा माणसं घेणार आहे.

मग यातलं खरं काय? एआयमुळे कॉल सेंटरमधल्या नोकऱ्या जातात, की नुसतं काम बदलतं? समजून घेऊया.

थोडक्यात

- शिल्लक, डिलिव्हरी, पासवर्ड असे सोपे, ठरावीक प्रश्न एआय आजच सोडवतंय. हे काम माणसांकडे परत येण्याची शक्यता कमी आहे.
- गुंतागुंतीच्या, वादाच्या आणि भावनेच्या कॉलमध्ये एआय अडखळतं. काही कंपन्यांना म्हणूनच निर्णय फिरवावा लागला.
- एआय माणसाच्या मदतीला दिलं तर सर्वात जास्त फायदा नवख्या कर्मचाऱ्यांना होतो. माणसाऐवजी वापरलं तर सर्वात आधी त्यांचीच जागा जाते.
- बॉटनं चुकीची माहिती दिली तरी जबाबदारी कंपनीची असते, असा निकाल कॅनडात लागलेला आहे.

भारतात कॉल सेंटर कसं आलं?

एका जागी बसून अनेक माणसांनी हजारो ग्राहकांचे फोन घ्यायचे, ही पद्धत अमेरिकेत रुजली. १९६७ मध्ये तिथं एटी अँड टी कंपनीनं टोल फ्री ८०० क्रमांक सुरू केला. फोनचं बिल कंपनी भरणार म्हटल्यावर ग्राहक मोकळेपणानं फोन करू लागले. पुढे आलेला कॉल रिकाम्या कर्मचाऱ्याकडे आपोआप वळवणारी यंत्रणा आली आणि मोठमोठी कॉल सेंटर्स उभी राहिली.

भारतात हे काम आलं ते १९९० च्या दशकात. ब्रिटिश एअरवेजनं १९९६ मध्ये आपल्या मागच्या कामांसाठी मुंबईत जी कंपनी सुरू केली, तीच पुढे डब्ल्यूएनएस झाली. जनरल इलेक्ट्रिकनं १९९७ मध्ये गुडगावात असंच केंद्र उघडलं. आज ती कंपनी जेनपॅक्ट म्हणून ओळखली जाते.

कारणं साधी होती. इंग्रजी येणारे पदवीधर इथं मोठ्या संख्येनं होते आणि पगार अमेरिकेच्या तुलनेत खूपच कमी होते. त्यात घड्याळाचाही उपयोग झाला. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मुंबईत संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात वाजलेले असतात. तिकडच्या दिवसासाठी इकडची रात्रपाळी सुरू झाली. मालाड, ठाणे, नवी मुंबई, पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा अशा भागांत रात्री कंपनीच्या गाड्या धावू लागल्या.

फक्त इंग्रजी 'व्हॉइस'च्या कामात २०१० च्या सुमारास फिलिपिन्स भारताच्या पुढे गेलं. पण तोवर देशातच मोबाइल, बँका, विमा आणि नंतर ऑनलाइन खरेदी वाढली होती. त्यामुळे मराठी, हिंदी, तमिळ, बंगालीत बोलणाऱ्या कॉल सेंटरची गरज निर्माण झाली. या नोकरीला विशिष्ट पदवी लागत नाही, अनुभव लागत नाही. लहान गावातून शहरात आलेल्या अनेक मुला-मुलींचा पहिला पगार इथूनच आला. म्हणूनच या कामात होणारा बदल हा लाखो घरांचा प्रश्न आहे.

एआयच्या आधी कोणती यंत्रं होती?

'एक दाबा, दोन दाबा' म्हणणाऱ्या यंत्रणेला आयव्हीआर म्हणतात. ती ऐकत नाही, समजत नाही. तिला फक्त कोणतं बटण दाबलं तेवढं कळतं.

चॅटबॉटही तसे जुनेच. एमआयटीतले संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम लोकांसमोर आणला. समोरचा जे टाइप करेल त्यातले शब्द उलटवून तो प्रश्न विचारायचा. त्याला काहीही समजत नव्हतं, तरी लोक त्याच्याशी मन मोकळं करायचे.

२०१० च्या दशकात बँका आणि रेल्वेच्या वेबसाइटवर आलेले चॅटबॉट याच वाटेनं गेले. कोणते शब्द आले तर कोणतं उत्तर द्यायचं, हे आधी माणसांनी लिहून ठेवलेलं असायचं. 'रिफंड' शब्द आला की रिफंडचा परिच्छेद चिकटवायचा. प्रश्न थोडा वेगळ्या शब्दांत आला की, "क्षमस्व, मला समजलं नाही."

आताचं एआय नेमकं काय वेगळं करतं?

२०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'ट्रान्सफॉर्मर' ही रचना मांडली. तिच्यावर आधारलेल्या मोठ्या भाषा मॉडेल्सनी अफाट मजकूर वाचून शब्दांमधले संबंध शिकले. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि हे तंत्र सगळ्यांच्या हाती पडलं.

आज एआयवर चालणारा कॉल साधारण चार टप्प्यांतून जातो.

पहिला टप्पा, तुमचं बोलणं ऐकून त्याचा मजकूर करणं. दुसरा, तुम्हाला नेमकं काय हवंय ते ओळखणं. तिसरा, कंपनीच्या नियमांच्या कागदपत्रांत आणि तुमच्या खात्याच्या नोंदीत शोधून उत्तर तयार करणं. चौथा, ते उत्तर आवाजात ऐकवणं.

यातला तिसरा टप्पा सर्वात महत्त्वाचा. भाषा मॉडेल स्वतःच्या 'आठवणीतून' बोललं तर ते आत्मविश्वासानं चुकीचंही सांगू शकतं. म्हणून त्याला आधी योग्य कागद शोधायला लावतात आणि त्यातलंच सांगायला बांधून घेतात. आता यापुढची पायरी सुरू झाली आहे. उत्तर देऊन न थांबता एआय ऑर्डर रद्द करतं, पत्ता बदलतं, रिफंडची नोंद करतं. याला 'एआय एजंट' म्हणतात.

इथं एक अडचण लपलेली आहे. कंपनीचे नियमच जुने, अर्धवट किंवा एकमेकांशी विसंगत असतील तर एआयही तसंच उत्तर देतं. अनुभवी कर्मचाऱ्याला माहीत असतं की, "कागदावर सात दिवस लिहिलंय, पण प्रत्यक्षात दहा लागतात." हे ज्ञान अनेकदा कुठेच लिहिलेलं नसतं.

मराठीत बोललं की काय अडतं?

इंग्रजीच्या तुलनेत मराठीचा डिजिटल मजकूर आणि बोलण्याच्या ध्वनिफिती खूप कमी आहेत. शिवाय आपण बोलतो ती मराठी पुस्तकातली नसते. "रिचार्ज फेल झालंय पण पैसे डेबिट झालेत, रिव्हर्स कधी होणार?" या एका वाक्यात दोन भाषा आहेत. कोल्हापूर, नागपूर, मालवण आणि जळगावचा माणूस हेच वाक्य वेगवेगळ्या ढंगात बोलेल.

आकड्यांचं तर विचारूच नका. दीड, अडीच, पावणेदोन, साडेतीन हे शब्द यंत्राला वेगळे शिकवावे लागतात. 'दीड हजार' म्हणजे १,५०० आणि 'अडीच लाख' म्हणजे २,५०,०००. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत फोनवर गफलत होणं सोपं आहे, आणि बँकेच्या कामात ती महागात पडते. 'परवा पैसे गेले' आणि 'परवा पैसे येणार' यांतला 'परवा' एकदा मागचा असतो, एकदा पुढचा. माणसाला ते सहज कळतं, यंत्राला वाक्याच्या क्रियापदावरून ओळखावं लागतं.

हे प्रश्न सुटणार नाहीत असं नाही. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'भाषिणी' प्रकल्पात मराठीसह भारतीय भाषांसाठी भाषांतर, आवाज ओळखणं आणि आवाज तयार करणं यांवर काम चालू आहे. खासगी कंपन्याही यात उतरल्या आहेत. म्हणजे मराठी कॉल सेंटरला भाषेमुळे मिळालेलं संरक्षण कायमचं नाही. तो फार तर थोडा जास्तीचा वेळ आहे.

माणसाऐवजी एआय वापरलं तेव्हा काय झालं?

क्लार्ना: ओपनएआयच्या मदतीनं बनवलेल्या सहायकानं पहिल्याच महिन्यात २३ लाख संभाषणं हाताळली, म्हणजे ग्राहक सेवेच्या चॅटपैकी दोन तृतीयांश. आधी प्रश्न सुटायला सरासरी ११ मिनिटं लागायची, ती २ मिनिटांच्या आत आली, असं कंपनीनं सांगितलं. ही बातमी आल्यावर टेलिपरफॉर्मन्स या जगातल्या सर्वात मोठ्या कॉल सेंटर कंपन्यांपैकी एकीचा शेअर जोरात आपटला.

वर्षभरानं सीईओ सेबॅस्टियन सिमियाटकोव्हस्की यांनी ब्लूमबर्गशी बोलताना कबूल केलं की, खर्च कमी करण्यावर जास्तच भर दिला गेला आणि सेवेचा दर्जा घसरला. ग्राहकाला हवं तेव्हा माणूस मिळालाच पाहिजे, असं म्हणत कंपनीनं घरून काम करणारे कर्मचारी घ्यायला सुरुवात केली. पण एआय काही बंद केलं नाही. सोपं काम त्याच्याकडेच राहिलं.

दुकान: 'दुकान' ही बंगळुरूची कंपनी छोट्या व्यापाऱ्यांना ऑनलाइन दुकान उघडून देते. जुलै २०२३ मध्ये तिचे सीईओ सुमित शाह यांनी ट्विटरवर जाहीर केलं की, चॅटबॉट आल्यामुळे ग्राहक सेवेतली ९० टक्के टीम कमी केली. उत्तराला लागणारा वेळ आणि खर्च किती घटला याचे आकडेही त्यांनी दिले. लोकांची नोकरी जाण्याची बातमी अशा सुरात सांगितल्याबद्दल त्यांच्यावर सोशल मीडियावर जोरदार टीका झाली.

कॉमनवेल्थ बँक: ऑस्ट्रेलियातल्या या मोठ्या बँकेनं जुलै २०२५ मध्ये फोनवर बोलणाऱ्या बॉटचं कारण देऊन ४५ जागा कमी करायचं ठरवलं. कर्मचारी संघटनेनं आव्हान दिलं. बॉटमुळे कॉल कमी झाल्याचा दावा होता, पण प्रत्यक्षात कॉल वाढत होते, असं संघटनेचं म्हणणं होतं. ऑगस्टमध्ये बँकेनं आपलं मूल्यमापन चुकल्याचं मान्य केलं, माफी मागितली आणि निर्णय मागे घेतला.

या तीन उदाहरणांत एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियात संघटना होती, म्हणून 'एआयमुळे काम कमी झालं' हा दावा कोणीतरी तपासला. जिथं कर्मचारी कंत्राटी आहेत आणि संघटना नाही, तिथं असा दावा बहुतेक वेळा तसाच मान्य होतो.

बॉट चुकला तर जबाबदार कोण?

कॅनडातल्या एका माणसाची आजी नोव्हेंबर २०२२ मध्ये वारली. त्यानं एअर कॅनडाच्या वेबसाइटवर चॅटबॉटला विचारलं, जवळच्या नातेवाइकाच्या निधनासाठी मिळणारी भाड्यातली सवलत कशी मिळते? बॉटनं सांगितलं, आधी तिकीट काढा, मग ९० दिवसांत अर्ज करा. त्यानं तसंच केलं. नंतर कंपनी म्हणाली, प्रवास झाल्यावर सवलत मिळत नाही, खरा नियम वेबसाइटच्या दुसऱ्या पानावर आहे.

प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणापुढे गेलं. चॅटबॉटच्या शब्दांना आपण जबाबदार नाही, असा कंपनीचा पवित्रा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणानं तो फेटाळला. वेबसाइटवरच्या सगळ्या माहितीला कंपनीच जबाबदार आहे, मग ती साध्या पानावर असो की चॅटबॉटमध्ये, असं त्यानं म्हटलं आणि व्याज-खर्चासह सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले.

रक्कम छोटी होती, पण धडा मोठा. त्या प्रवाशाला जिंकता आलं ते एका साध्या गोष्टीमुळे: त्यानं चॅटचा स्क्रीनशॉट जपून ठेवला होता.

माणसाच्या मदतीला एआय दिलं तर?

एआय वापरायची दुसरी पद्धतही आहे. ग्राहकाशी माणूसच बोलतो, एआय बाजूला बसून त्याला काय बोलावं ते सुचवतं.

याचा एक महत्त्वाचा अभ्यास एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड या अर्थतज्ज्ञांनी २०२३ मध्ये मांडला. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ५,००० हून अधिक ग्राहक सेवा कर्मचाऱ्यांची माहिती त्यांनी तपासली. त्यात फिलिपिन्समधले कर्मचारी मोठ्या संख्येनं होते. एआयची मदत मिळाल्यावर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्या आणि कमी कौशल्याच्या कर्मचाऱ्यांमध्ये ही वाढ ३४ टक्के होती. जुन्या, तरबेज कर्मचाऱ्यांना मात्र फारसा फायदा झाला नाही.

असं का झालं? एआयला शिकवलं होतं ते आधीच्या संभाषणांवरून. उत्तम कर्मचारी कसं बोलतात, कुठला प्रश्न आधी विचारतात, हे त्यानं उचललं आणि नवख्यांच्या स्क्रीनवर आणून दिलं. दोन महिन्यांचा कर्मचारी एआयच्या मदतीनं, मदत नसलेल्या सहा महिने जुन्या कर्मचाऱ्याइतकं काम करू लागला. ग्राहक कमी चिडले, "तुमच्या वरिष्ठांना द्या" अशी मागणी कमी झाली आणि नोकरी सोडण्याचं प्रमाणही घटलं.

पण यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या तरबेज कर्मचाऱ्यांच्या बोलण्यातून एआय शिकलं, त्यांना त्याबद्दल काय मिळालं? त्यांनी वर्षानुवर्षं कमावलेलं कसब आता सगळ्यांच्या स्क्रीनवर आहे. त्याची वेगळी किंमत मिळायची, ती मात्र कमी होण्याचा धोका आहे.

उच्चारही बदलता येतो?

हो. एकेकाळी कॉल सेंटरमध्ये लागलेल्या मुलांना आठवडेच्या आठवडे 'अ‍ॅक्सेंट ट्रेनिंग' दिलं जायचं. फोनवर इंग्रजी नाव घ्यायची पद्धतही होती. आता 'सनास'सारख्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर बोलता बोलताच उच्चार बदलतं. २०२५ मध्ये टेलिपरफॉर्मन्सनं भारतातल्या कर्मचाऱ्यांसाठी हे वापरायला घेतल्याचं समोर आलं.

याकडे दोन बाजूंनी पाहता येतं. उच्चारावरून हिणवणारे ग्राहक कमी होतील, आणि ज्यांना उच्चारामुळे नोकरी नाकारली जायची त्यांना दार उघडेल. दुसरीकडे, बोलणारा माणूस आहे तसा ऐकूच न देणं, हा त्या हिणवण्यावरचा उपाय आहे का, हाही प्रश्न आहे.

कामाच्या जागी आणखी काय बदललं?

पूर्वी वरिष्ठ मोजकेच कॉल ऐकून गुण द्यायचे. आता एआय सगळेच कॉल ऐकू शकतं. आवाज चढला का, ठरलेलं वाक्य म्हटलं का, किती वेळ गप्प राहिलात, सगळ्याची नोंद होते. कॉल संपल्यावर नोंद लिहायचं काम एआय करून टाकतं, त्यामुळे दोन कॉलमधली उसंतही कमी होते.

आणि सोपे कॉल बॉटकडे गेल्यावर माणसाकडे उरतात ते सगळे अवघड. पैसे अडकलेले, विमा नाकारलेला, घरात कोणी गेल्यावर खातं बंद करायला आलेले, बॉटशी वीस मिनिटं झगडून आधीच वैतागलेले. "बिल किती आलंय?" सारखे सोपे कॉल म्हणजे दोन अवघड कॉलमधला विसावा होता. नव्या मुलांसाठी तीच शाळाही होती. त्या कॉलवर हात बसला की मग अवघड कॉल घ्यायचे. शिडीची खालची पायरीच काढली तर वर चढायचं कसं, हा या बदलातला सर्वात कमी चर्चा झालेला मुद्दा आहे.

मग नोकऱ्या जाणार की राहणार?

अंदाज दोन्ही बाजूंचे आहेत. कधी कधी एकाच संस्थेचे. गार्टनर या सल्लागार कंपनीनं मार्च २०२५ मध्ये म्हटलं की, २०२९ पर्यंत ग्राहक सेवेतले ८० टक्के नेहमीचे प्रश्न एआय माणसाविना सोडवेल. त्याच महिन्यात तिनं असंही म्हटलं की, ग्राहक सेवेतली माणसं मोठ्या प्रमाणात कमी करायचं ठरवलेल्या संस्थांपैकी निम्म्या २०२७ पर्यंत तो बेत सोडून देतील. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी ठरू शकतात: प्रश्नांचा मोठा भाग यंत्राकडे, तरीही माणसांशिवाय भागत नाही.

भारतात नीती आयोगानं ऑक्टोबर २०२५ मध्ये एआय आणि रोजगाराबद्दल अहवाल दिला. काहीच केलं नाही तर तंत्रज्ञान सेवा आणि ग्राहक सेवेतल्या नोकऱ्या २०३१ पर्यंत घटतील, योग्य पावलं उचलली तर पाच वर्षांत ४० लाख नव्या संधी तयार होऊ शकतात, असं त्यात म्हटलंय.

उद्योगाची दिशा कळायला एक व्यवहारही पुरेसा आहे. मुंबईतून सुरू झालेली तीच डब्ल्यूएनएस २०२५ मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीनं ३.३ अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. एआय एजंटच्या जोरावर कंपन्यांची कामं चालवून देणं, हा त्यामागचा हेतू कॅपजेमिनीनं उघडपणे सांगितला. म्हणजे आउटसोर्सिंग संपत नाहीये. 'किती माणसं बसवली' यावर मिळणारे पैसे मात्र हळूहळू 'किती काम झालं' याकडे सरकतायत.

ट्रंक कॉलच्या काळात काय झालं होतं?

फोनवरच्या कामावर यंत्र येण्याची ही पहिली वेळ नाही. एकेकाळी प्रत्येक फोन ऑपरेटर हातानं जोडायची. भारतात परगावी फोन करायचा तर ट्रंक कॉल बुक करून तासन् तास वाट पाहावी लागायची. १९६० मध्ये कानपूर-लखनऊ मार्गावर एसटीडी सुरू झाली आणि ग्राहक स्वतः नंबर फिरवू लागला.

अमेरिकेत हा बदल आधीच झाला होता. १९२० ते १९४० या काळात तिथल्या शहरांमध्ये एकामागून एक स्वयंचलित एक्सचेंज आली. टेलिफोन ऑपरेटर ही तेव्हा तरुण मुलींसाठी सर्वात मोठ्या नोकऱ्यांपैकी एक होती. जेम्स फायगेनबॉम आणि डॅनियल ग्रॉस या अर्थतज्ज्ञांनी जुन्या जनगणनेच्या नोंदींवरून त्या मुलींचं पुढे काय झालं ते शोधलं.

दोन गोष्टी दिसल्या. नंतरच्या पिढीतल्या मुलींचा रोजगार एकूणात घटला नाही. त्यांना कार्यालयं, उपाहारगृहं अशा ठिकाणी दुसरी कामं मिळाली. पण ज्या आधीपासून ऑपरेटर होत्या, त्यांना मोठा फटका बसला. दहा वर्षांनी त्यांच्यातल्या अनेक जणी नोकरीत नव्हत्या, आणि होत्या त्यांतल्या बऱ्याच कमी पगाराच्या कामात होत्या.

'तंत्रज्ञान नोकऱ्या घेतं तसं नव्या देतंही', हे वाक्य म्हणून अर्धंच खरं आहे. नव्या नोकऱ्या बहुतेकदा नव्या लोकांना मिळतात. जुन्यांचं काय, हा प्रश्न आपोआप सुटत नाही.

या क्षेत्रात असाल तर काय लक्षात ठेवावं?

- फक्त स्क्रिप्ट वाचून दाखवण्याचं काम सर्वात आधी जाणार. विमा दावे, कर्ज, आजारपणाची कागदपत्रं, फसवणुकीच्या तक्रारी अशा एखाद्या विषयाची खोल माहिती असलेल्याची गरज टिकते.
- बॉटची संभाषणं तपासणं, त्याच्या चुका शोधणं, नियमांची कागदपत्रं स्वच्छ भाषेत लिहिणं ही नवी कामं आहेत. मराठीत हे नीट करू शकणारे लोक लागतात. पण या जागा गेलेल्या जागांइतक्या असतीलच असं नाही.
- आपल्या कॉलच्या नोंदी, गुण आणि एआयचा वापर याबद्दल कंपनीचं धोरण काय आहे, ते विचारून घ्या.

आणि ग्राहक असाल तर?

- बॉटनं दिलेल्या आश्वासनाचा स्क्रीनशॉट, तक्रार क्रमांक, तारीख आणि वेळ जपून ठेवा.
- बॉट फिरवाफिरवी करत असेल तर स्पष्ट शब्दांत माणसाशी बोलायची मागणी करा.
- कस्टमर केअरचा नंबर सर्च करून मिळालेल्या कुठल्याही पानावरून घेऊ नका. बनावट नंबर टाकून फसवणूक होते. कार्डाच्या मागचा, पासबुकावरचा किंवा अधिकृत अ‍ॅपमधला नंबर वापरा. ओटीपी आणि पिन माणसालाही सांगू नका, बॉटलाही नाही.
- बँकेनं ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८. इतर ग्राहक तक्रारींसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३०.

नियम काय सांगतात?

अमेरिकेच्या सिनेटमध्ये २०२५ मध्ये एक विधेयक मांडलं गेलं. समोर एआय आहे का आणि कॉल कुठल्या देशातून घेतला जातोय, हे ग्राहकाला सांगणं बंधनकारक करावं, असा त्याचा रोख आहे. भारतातून चालणाऱ्या कॉल सेंटरवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

भारतात रिझर्व्ह बँकेनं आयआयटी मुंबईचे प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिनं ऑगस्ट २०२५ मध्ये वित्त क्षेत्रातल्या एआयसाठी सात सूत्रं आणि २६ शिफारशी मांडल्या. माणूस केंद्रस्थानी हवा आणि एआयच्या निर्णयाची जबाबदारी ते वापरणाऱ्या संस्थेचीच, हा त्यातला मुख्य विचार आहे. शिफारशी म्हणजे कायदा नव्हे. त्या प्रत्यक्षात किती उतरतात, ते पुढे दिसेल.

तोवर एक साधी कसोटी कोणत्याही कंपनीला लावता येते. अडचण आली तर तिच्याकडे ९ दाबल्यावर खरंच माणूस मिळतो का? आणि मिळालाच, तर तुमचा प्रश्न सोडवायचा अधिकार त्याला दिलेला आहे का?